सर्वनामाच्या रकान्यात

मंगळवारी साडेसहाला, पीटरहेडमध्ये,
मासळीच्या लिलावघरावरच्या खोलीत माझा वर्ग भरतो.
खाली बर्फ फोडायचं यंत्र. वर आठ खुर्च्या
आणि एक हीटर, तोही लहरी.
सगळे दिवसभर मासे कापून आलेले.
लिंबानं हात धुतात, तरी वह्यांना हॅडॉकचा वास येतो.
आता माझ्या पर्सलाही येतो.

मी फळ्यावर रकाने आखते: नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद,
आणि कोपऱ्यात कुठे मावतील तिथे बाकीचे चार.
टोपलीतून चिठ्ठी उचलायची, आपल्या रकान्यात डकवायची.
खाली हेच तर करता, मी म्हणते,
कॉड इकडे, हॅडॉक तिकडे, उरलंसुरलं मांजराला.
उद्गारवाचकं मांजराला, असं तेव्हापासून ठरून गेलंय.

पिरोश्का हंगेरीची. तिच्या भाषेत
तो आणि ती एकाच अक्षरात संसार करतात.
म्हणून ती आईला ‘ही’ म्हणते, नवऱ्याला ‘शी’,
आणि सुपरवायझरला ‘इट’.
एवढं एक मी खोडत नाही.

लेतेब्रहानचं उलटं. एरिट्रियात
‘तू’सुद्धा बाईचा वेगळा, पुरुषाचा वेगळा.
पहिल्याच दिवशी तिनं विचारलं,
आत्ता ‘यू’ म्हणालात, ते मला की यांना?
तुलाही. यांनाही.
देवाला?
हो. आणि कुत्र्याला.
मग ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.

नोदारच्या हाती ‘इज’ आलं.
त्यानं ते ‘इस’ असं वाचलं आणि जराही न थबकता
सर्वनामांत नेऊन लावलं.
क्रियापद आहे ते, नोदार.
आमच्या जॉर्जियात नाही, तो म्हणाला.
‘इस’ म्हणजे तो. ‘इस’ म्हणजे ती. ते.
बायको, होडी, भाऊ, डोंगर,
जे जे इथून लांब आहे ते सगळं ‘इस’.
छान, मी म्हणाले, आणि चिठ्ठी उपटून
क्रियापदांत लावली.
पहिल्या जागी गोंदाचा डाग राहिला.

फेब्रुवारीत त्याच्या भावाची बोट परतली नाही.
बंदर कार्यालयाचं पत्र घेऊन नोदार
वर्गाच्या तासभर आधी आला, कोट न काढता बसला.
मला फक्त व्याकरण सांगा, म्हणाला, बाकीचं कळलंय.

बोट चार वेळा ‘शी’ होती.
ती पहाटे निघाली. ती शेवटची दिसली. तिचा विमा.
खालच्या परिच्छेदात माल्खाझ:
‘इट’ सापडलं. ‘इट’ ओळख पटल्यावर सोपवण्यात येईल.

लाकूड आणि लोखंड ‘शी’?
खलाशांची जुनी रीत आहे, मी म्हणाले.
आणि माझा भाऊ?
मृतदेह हे नाम आहे, मी सुरुवात केली,
आणि त्या नामाच्या जागी येणारं सर्वनाम...
खाली यंत्र बर्फ फोडत होतं.
तेवीस वर्षं हे वाक्य मी न अडखळता पुरं करत आले.

फॉर्म आम्ही दोघांनी मिळून भरला.
वय, उंची, डाव्या हातावरचा व्रण.
प्रत्येक ओळीत तो वर्तमानकाळ लिहीत गेला.
लाल पेन माझ्या हातात होतं,
मी त्याचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

पुढच्या मंगळवारी त्याला ‘वॉज’ मिळालं.
त्यानं ते अगदी बरोबर रकान्यात डकवलं,
कडा अंगठ्यानं दाबून दाबून.

त्या रात्री चिठ्ठ्या मोजल्या, तर एक कमी.
टेबलाखाली पाहिलं, हीटरमागेही.
मग दिवा मालवून घरी गेले.
नवी अजून लिहिली नाही.

‘इज’ कुठाय? पिरोश्का परवा टोपली चाळत म्हणाली,
त्याच्याशिवाय एक वाक्य होत नाही.
नोदार वहीत मान घालून होता,
एक हात कोटाच्या खिशात.
आहे, मी म्हणाले.
तू पुढची चिठ्ठी घे.