नऊ व्होल्ट

प्रदर्शनाच्या फॉर्मवर एक रकाना होता,
प्रकल्पाचा समाजाला उपयोग.
तो मी कोरा ठेवला.
साळवी बाईंनी पेन्सिलीने लिहिलं : वीजबचत.

यंत्र इक्राच्या अब्बांच्या गोदामात, तुर्भे स्टोअरच्या मागे.
जळक्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर,
वाशीच्या कुठल्या सोसायटीने काढून टाकलेली लिफ्टची बटणं,
सगळं होतं. फक्त एक बॅटरी कमी पडली, नऊ व्होल्टची.
ती आणायला मी भावाला पाठवलं.
रात्री पावणेदहा.

भावाचं नाव बॅलिस्टर काळे.
आजाच्या केसला कोणी वकील उभा राहिला नव्हता,
म्हणून घरातच एक असावा.
हवालदार नाव लिहिताना हसला म्हणे.
मग जात विचारली.
मग हसला नाही, पारधी लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

मोबाइलचं दुकान फुटलं अकराला.
बॅलिस्टरला उचलला दहाला.
हे गणित मी बाईंना विचारलं.
त्या म्हणाल्या, झुंबर, फळ्यावर नको.
पण म्हणजे यंत्र त्यांच्याकडे आमच्याआधीच होतं की!
आजापासूनच होतं,
आधी नाव, मग गुन्हा.

सकाळी सांगितलं, छातीत दुखलं त्याच्या.
एकोणीस वर्षांची छाती.
कॅमेरा? अकरा दहा ते दोन चाळीस, तांत्रिक बिघाड.

पहिल्या खेपेला मी बॅटरी मागितलीच नाही.
तो घरी सुकट-भाकरी खात बसला.
ते घरी आले.
दुसऱ्या खेपेला त्याला पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यांत लपवलं.
त्यांनी इक्राच्या ओवेसला नेलं.
इक्रा माझ्याशी तीन दिवस बोलली नाही,
ते तीन दिवस मीच नंतर पुसून टाकले,
तिला आठवत नाहीत. मला आठवतात.
मग एकदा चौकीत जाऊन आधीच सांगितलं,
साहेब, अकराला दुकान फुटणार आहे.
तुला गं कसं माहीत?
मलाच बसवून ठेवलं.
एकदा दुकानासमोर दबा धरून खरा चोर बघितला.
चांगले बूट, मागे सॅक.
नाकाबंदीला त्याची स्कूटर थांबली,
आणि टॉर्च हलवून त्याला सोडून दिलं.

सगळ्यात शेवटी, ज्या खेपेला जायची हिंमत होत नव्हती,
त्या खेपेला मी अकरा दहाला आत होते,
पाण्याच्या पिंपामागे.
कॅमेरा बिघडला नव्हता.
खुर्चीवर चढून एकाने त्याच्यावर आपली टोपी अडकवली,
अगदी नीट, घरी खुंटीला अडकवतात तशी.
पुढचं मी बघितलं.
इथे लिहीत नाही.
आईला लिहिता-वाचता येत नाही, तरी नाही.

आईला यंत्राचं काही सांगितलं नव्हतं.
एवढंच म्हणाली, रोज रात्री कुठं जातेस मला कळतं.
जातेसच तर डबा ने.
त्या दिवशी त्याने अर्धीच भाकर खाल्ली होती.

आता मी डबा घेऊन जाते.
काही बदलत नाही.
पुलाखालून दुकानापर्यंत सोबत चालते, वीस मिनिटं,
तो चालता चालता खातो, बोटं पँटला पुसतो,
विचारतो, तू आज एवढी का बघतेस माझ्याकडं?
दुकानदार बॅटरी देतो.
बॅलिस्टर ती खोलून जिभेला लावतो,
डोळे मिचकावतो, म्हणतो, हाय जीव.
मग माझ्या जिभेला लावतो.

नऊ पंचावन्न.
जीप नाक्यावर वळते आहे.
जिभेवर अजून झिणझिण.