सोळा गेजचा पत्रा

खडकीच्या शेडमध्ये जीप, चाकांशिवाय,
विटांच्या चळतींवर.
तळाचा पत्रा दस्तगीर मिस्त्रींनी उचलला
तर अर्धा हातात आला,
अर्धा पापडासारखा फरशीवर सांडला.

उरला त्यावरून पुठ्ठा कापला.
एक भोक सूतभर डावीकडे होतं.
मालक म्हणाले, सरळ घ्या.
मिस्त्री म्हणाले, पाडणाऱ्यानं घाईत पाडलंय,
गाडी लढाईला निघाली असेल.
राहू द्या तसंच.

ॲक्सिलरेटरखाली मात्र खळगा होता,
कुणाच्या तरी टाचेनं झिजवलेला.
ठोकून करता आला असता.
मिस्त्रींनी हातोडी उचलली,
ठेवली.

नवा पत्रा बसला, सपाट, गार.
चप्पल काढून
त्यांनी टाच टेकवली तिथं,
जरा वेळ,
मग मला म्हणाले, प्रायमर आण.