दुधातला दात

मेंढरं डोंगरावरून खाली आणायचा दिवस.
एडक्यानं मान झटकली
आणि स्टेनव्होरचा पुढचा दात
शेवाळावर, मुळासकट.

फोनवर हल्बेरा, दातांची डॉक्टर:
मुळाला बोट लावू नका. घासू नका.
जागेवर परत बसवता येईल?
माझे हात थरथरत होते.
मग दूध आहे का?

दूध! आमच्याकडे दुसरं आहेच काय?
थर्मासातली कॉफी ओतून दिली गवतावर.
दुधाचे दात केव्हाच पडले पोरीचे,
हा पक्का, दुधात निघाला.

अकुरेरी पन्नास किलोमीटर.
ती रुमाल चावून गप्प.
मी बोलत राहिलो, वाऱ्यावर, डिझेलवर, भलत्यावरच.
माझे चार गेले तिच्याच वयात,
बापाच्या पकडीनं, गोठ्यात.
पडलेलं परत लागतं
हे त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं.

हल्बेरानं दात बसवला,
तारेनं शेजाऱ्याला बांधला.
रुजेल?
"दोन आठवड्यांनी या. आतली नस बहुधा मेलीय,
तिचे तज्ज्ञ वेगळे. चिठ्ठी देते."

परतताना स्टेनव्होर बोबडं बोलली:
उरलेलं दूध कुत्र्याला घालू?

नको, म्हणालो.
का, ते विचारलं नाही तिनं.
बरं झालं.