एक ते पाच

विद्यापीठातली मुलगी पहिल्यांदा आली
तेव्हा अकरा-अकरा झाले होते,
पैजेचे चाळीस डॉलर पंचाच्या खिशात
आणि गुआयाकिलचं ऊन
ओल्या फडक्यासारखं मानेवर.
तिच्या हातात कागद: तुम्ही का खेळता?
प्रत्येक कारणाला एक ते पाच गुण द्या.

मी घाईत होतो.
जिंकण्यासाठी: पाच.
आरोग्यासाठी: एक. माझं पोट पाहून तीही हसली.
मैत्रीसाठी दोन लिहिले,
ते ओल्गेर खांद्यावरून वाचत होता म्हणून.
एक लिहिला असता
तर पठ्ठ्याने पुढचा चेंडू मुद्दाम सोडला असता.

खरं कारण तिच्या यादीत नव्हतं.
खरं कारण वेलिंग्टन,
बर्फाच्या कारखान्यातला मुकादम,
ज्याने भर गल्लीत माझं शिलाई मशीन पैजेत जिंकलं
आणि खांद्यावर टाकून, शीळ घालत नेलं.
सात वर्षं मी उड्या मारल्या
त्या एकदा त्याची मान खाली जावी म्हणून.

आमचा खेळ तिघांचा.
चेंडू फुटबॉलचा, जाळं उंच,
हात वर करून उडी मारली तर बोटं कशीबशी पोचतात.
आणि एक नियम, ज्याला परके हसतात:
चेंडू तळव्यात घ्यायला चालतो,
पापणी लवेपर्यंत.
त्याहून जास्त धरलात तर गुण गेला.

मग मार्च आला.
जाळं खांबाला गुंडाळलेलंच राहिलं.
मी घरात कपाटावर चेंडू आपटत बसायचो,
धप्, धप्,
शेवटी नार्सिसाने तो छपरावर भिरकावला
आणि रात्री स्वतःच शिडी लावून
खाली आणला, न बोलता.

ओल्गेर एप्रिलात गेला.
गेला म्हणजे कुठे,
ते कळायला सतरा दिवस लागले.
यादीत त्याच्या नावातलं एक अक्षर चुकलं होतं.

ती मुलगी परत आली. केस आखूड झालेले.
कागद तोच, तळाशी एक ओळ नवी:
महामारीनंतर काही बदललं का?

ओल्गेरच्या जागी त्याचा भाचा यांद्री,
चेंडू आला की डोळे मिटतो.
वेलिंग्टन प्लास्टिकच्या खुर्चीत, पंच म्हणून.
डॉक्टरने फुंकर मारायचा व्यायाम सांगितलाय,
म्हणून शिट्टी त्याच्याकडे.
दहातल्या चार वेळा ती वाजते.
त्याची मान आता आपोआपच खाली असते.
मला ती तशी नको होती.

मी पेन्सिल कानावर ठेवली, म्हटलं थांब,
एवढी सर्व्हिस होऊ दे.

चेंडू आला. मी घेतला.
ओला होता, कोमट,
पाच जणांच्या हातांचा घाम त्याला.
दोन वर्षं मी नाणीसुद्धा साबणाने धुतली होती.
पापणी लवली. मी सोडला नाही.
पुन्हा लवली.
‘क्लेवेर, करंट्या, टाक की!’
पलीकडून, अलीकडून, गॅलरीतून, सगळी गल्ली
माझ्या नावाने ओरडत होती,
आणि मी उभा, चेंडू धरून,
हरवलेलं पोर सापडलेल्या बाईसारखा.

वेलिंग्टनने गाल फुगवले.
शिट्टी वाजली नाही.
दम कमी पडला की मुद्दाम,
ते मी विचारलं नाही, तोही सांगणार नाही.

मग जे भांडण लागलं!
अर्धा तास. नाकाला नाक भिडवून,
तोंडातली थुंकी एकमेकांच्या गालावर,
कॉलर धरलेली, कुणी मागे सरकेना,
यांद्री रडकुंडीला आलेला
आणि खुर्चीतून वेलिंग्टन,
खोकत, हसत, पुन्हा खोकत:
‘मशीन परत हवंय का रे, शिंप्या?’

मुलीने विचारलं, कागद भरलात?
तो घामाने खिशातच विरघळला होता.
म्हटलं, उद्या नवा आण,
पाच वाजता ये.
आत्ता सात-नऊ आहे,
आणि सर्व्हिस त्यांची.