सोमवारी सकाळी सात

धंतोलीच्या दवाखान्याची यादी फ्रिजवर लावली आहे.
पुढून उघडणारे दोन गाऊन. जुने रिपोर्ट.
दागिने आणू नयेत.

बांगड्या निघाल्या. चमकी निघेना.
एकतीस वर्षं नाकात आहे, बाप्पा,
तिला वाटत असेल आपण हाडच आहोत.
शेवटी मेश्रामबाईंनी खोबरेल लावून, जीभ चावत
फिरकी सोडवली.
उरलेल्या भोकात कूलरची हवा गार लागली.

बॅग तीच, प्रणोतीच्या वेळी डागाला नेलेली.
तेव्हा हिच्यात झबली होती, माझ्याच जुन्या पातळांची.
पोरगी नऊ महिने जिथं राहिली
ती खोलीच आता काढून टाकणार आहेत.
फोनवर तिला हे सांगितलं तर म्हणते,
"आई, चार्जर घेतला का?"
घेतला.

सिस्टर म्हणाली होती, सातला ओटीत घेऊ.
मला आधी दुसरीच ओटी आठवली,
खण, नारळ, मूठभर तांदूळ.
हसू आलं. तिला वाटलं मी घाबरले.

यांच्यासाठी वेगळा कागद:
नळ साडेपाचला येतो, झोपून राहू नका.
कूलरची टाकी दोनदा भरा, नवतपा लागतोय.
कढीपत्त्याला तांदळाचं धुवण.

रात्री पुन्हा चेन उघडली.
चष्मा, कंगवा, उन्हासाठी दुपट्टा,
आणि कडेच्या कप्प्यात एक कांदा.
शाळेत जाताना आई खिशात घालायची, ऊन बाधू नये म्हणून.
एसीच्या खोलीत काय काम त्याचं?
काढला.
परत ठेवला.