लव

संध्याकाळी साडेचारला मी रांगेत शिरते.
उद्या उमलणारी कळी आजच ओळखायची:
टोकाशी जराशी पिवळी, चिमटीत फुगीर.
तिचा झगा फाडायचा,
मधल्या दांडीवरचे पराग नखानं खरवडून टाकायचे,
मग मेणकागदाची पिशवी, लाल दोरा, तारीख
आणि बापाचं नाव.
बाप विसरलीस, अझारा, तर सगळं मातीत,
असं डॉक्टर वुम्पिनी म्हणतात. मी विसरत नाही.

बाप कुंपणाबाहेरचा आहे.
न्यांकपालाच्या वाटेवर, तिपाग्या म्हातारीच्या न्हाणीमागे
चार वर्षं न मेलेलं झाड. माणसाहून उंच.
शेंग आखूड, जाड, अंगभर लव;
तोडायला जावं तर मनगट पेटतं.
शेळीसुद्धा हुंगून पुढे जाते.
बाजारात कुणी विचारत नाही तिला.
पण ज्या साली पांढरी माशी आली
आणि सगळ्यांच्या भेंडीची पानं आक्रसून मुठी झाल्या,
शिरा हळदीसारख्या,
त्या साली हे झाड हिरवंगार उभं होतं,
लाज सोडल्यासारखं.

तिपाग्यानं बी दिलं, फडक्यात बांधून, अठ्ठावीस दाणे.
पैसे नको म्हणाली.
"ने. पण तिला सवय नाही
रांगेत उभं राहायची."

सोयरीक जुळली.
पोरं आडदांड निघाली, फुलली, गळ्याशी लालभडक.
शेंगा धरल्या. मी सोलत गेले:
भिंती होत्या, खोल्या होत्या,
आत कुणी राहत नव्हतं.
वांझ म्हणायचं नाही, हा वुम्पिनींचा दंडक.
वहीत लिहायचं, बी: शून्य.
मी पानभर शून्यं काढली.
घरी कुणी काही विचारलं नाही त्या रात्री,
ते बरं झालं.

मग औषधात भिजवलेला कापूस कोवळ्या शेंड्यांवर.
बरेचसे करपले.
हारमॅटनची धूळ सरली तेव्हा एका शेंगेत
तीन दाणे.
एक उंदरानं नेला.

दोनांवर सहा वर्षं.
दर फेरीला पुन्हा गावच्या भेंडीशी घरोबा,
रान थोडं थोडं कमी करत.
(रोगही बसून नाही, तोही रूप पालटतोय कुठेतरी;
वुम्पिनी हे बोलत नाहीत, नुसता चष्मा पुसतात.)

तोलोनहून सहा बायका आल्या, चव बघायला.
तुओ झाफी वाफाळतं, वर आमचं कालवण.
पान वाळत नाही, मी सांगितलं. माशी बसते आणि उठते.
त्यातल्या थोरलीनं पळी उचलली, उंच धरली.
भांड्यापासून वीतभर, आणि तुटली.
"रोग नाही, बरं.
पण तार कुठंय?"

वहीत तारेला रकाना नव्हता.
मी पेनानं आखला, वाकडाच,
उत्पन्नाच्या अलीकडे.

यंदा एकेचाळिसाव्या ओळीची तार
कोपरापर्यंत येते.
एक शेंग घेऊन तिपाग्याकडे गेले.
तिनं कापली नाही, शिजवली नाही,
मनगटाच्या आतल्या बाजूवर घासली
आणि वाट बघत बसली.
अंगणात कोंबडी दोनदा आत-बाहेर झाली.
मग तिनं हळूच खाजवलं.

"आहे," म्हणाली, "थोडी आहे अजून."