लाल बाजू

तळ्याकाठी एक फळी होती.
फळीला एकोणचाळीस खिळे,
खिळ्यागणिक एक लाकडी बिल्ला, बिल्ल्यावर नाव.
पांढरी बाजू, म्हणजे मूल काठावर.
लाल बाजू, म्हणजे मूल पाण्यात.
येता-जाता ज्याचा त्यानं उलटायचा.

मी सोळा वर्षांची, पहिली नोकरी,
गळ्यात शिट्टी, नाकावर पांढरं मलम.
सकाळी डुलुथहून पिवळी बस यायची:
डबे, टॉवेल,
एकाच्या पायात दोन वेगळ्या चपला,
आणि डासांच्या फवाऱ्याचा वास, जो ऑगस्टपर्यंत केसांतून गेला नाही.
रात्री इथे कुणी राहत नसे.
मुलं उसनी आणलेली,
पाचला मोजून परत करायची.

"मोजा," मिसेस हाल्व्हर्सन दर सोमवारी सांगायच्या,
"मग पुन्हा मोजा."
त्यांची पाठ वळली की आम्ही त्यांच्यासारखं लंगडून दाखवायचो.

जुलैतला गुरुवार.
शिट्टी झाली. पोरं निघाली पाण्यातून,
निळ्या ओठांची, दात वाजवत,
टक्, टक्, टक्, बिल्ले उलटत गेले,
आणि एक राहिला.
टेओ लिंडक्विस्ट. लाल.

फळीपाशी उभं राहायचं काम माझं होतं.
मी डेल्मारशी बोलत होते.
कशाबद्दल ते आठवत नाही.
खोटं. आठवतं.

नाव एकदा पुकारलं, दोनदा,
मग भोंगा वाजला, लांब, पलीकडच्या पाइनांपर्यंत.
आम्ही आठ जण. कोपरात कोपर अडकवून एक रांग,
गुडघाभर, कमरेभर, छातीभर,
पायांनी तळ चाचपत.
हीच कवायत जूनमध्ये हसत केली होती.
तेव्हा तळाशी वाळूनं भरलेला एक सदरा होता,
आणि तो ज्याच्या पायाला लागेल त्याला आइस्क्रीम.

चिखल. गोटा. कुणाचा तरी गॉगल.
चिखल.
मग काहीतरी मऊ, लांब, केसाळ.
त्या एका क्षणात माझ्या पायानं काय ओळखलं
ते मी कुणाला सांगितलेलं नाही, इथेही सांगत नाही.
शेवाळलेला ओंडका होता.
डेल्मार माझ्या डाव्या हाताला,
रडत होता आणि चालत होता.
काठावरच्या गवतात अडतीस मुलं बसवलेली,
ब्रिन त्यांच्याकडून बेडकाचं गाणं म्हणून घेत होती,
चौथ्या कडव्यानंतर पुन्हा पहिलं.

आर्नी ड्रायव्हर मासे धरायला गेला होता,
जाकीट घ्यायला बसकडे परतला,
आणि दारातून ओरडला.

मागच्या सीटवर, टॉवेलात गुरफटून, झोपलेला.
पोट दुखत होतं म्हणे.
मुठीत बाटलीच्या बुचांचा एक पक्षी,
सकाळी हस्तकलेत केलेला,
एक पंख नसलेला.

जीव भांड्यात पडला, असं म्हणतात.
माझा पडला नाही.
तो अजून त्या छातीभर पाण्यात उभा आहे,
एक पाय उचलून,
टेकवावा की नाही ते न कळून.

मिसेस हाल्व्हर्सन त्याला ओरडल्या नाहीत.
हाताला धरून फळीपाशी नेलं,
त्याच्याच बोटांनी बिल्ला उलटवून घेतला.
टक्.
"आता तू काठावर आहेस," म्हणाल्या.
मग होड्यांच्या शेडमागे गेल्या, लंगडत,
आणि बराच वेळ आम्हाला त्यांच्या उलट्या ऐकू येत राहिल्या.
त्यानंतर कुणी नक्कल केली नाही.
तसं ठरवलं नव्हतं.

पाचला त्याची आई स्वतः आली. तिला फोन गेला होता.
तिनं त्याला इतकं घट्ट धरलं
की तो वैतागला:
"आई, पक्षी चेपतोय."

माझ्या घरी मॅकरोनी होती.
मी दोनदा वाढून घेतली.
"कसा गेला दिवस?" आईनं विचारलं, भांडी विसळता विसळता.
"बरा गेला."
"पोरं त्रास देतात का?"
"नाही."

झोपायच्या आधी मी दारात उभी राहिले.
वाल्टेरीचे बूट. सिग्नेचे बूट.
माझे, ओले, वाळूनं भरलेले.
मोजले.
दिवा मालवून जिन्यापर्यंत गेले,
आणि परत आले.